काकू काय म्हणतात?

त्या दोघांची ओळख झाली ती भिंतीवरच्या ओलीमुळे.

तिच्या शिवणाच्या खोलीत, मशीनच्या अगदी डोक्यावर, एक ओला डाग पडला होता. आधी बशीएवढा, मग ताटाएवढा. तिनं त्याचा फोटो काढला आणि घरदुरुस्तीच्या एका साइटवर टाकला – 'हा डाग कसा घालवायचा? कृपया सांगा.' नाव म्हणून काहीतरी लिहायचं होतं. समोर बॉबीन पडली होती, तेच लिहिलं. दहा मिनिटांत उत्तर आलं. लिहिणाऱ्याचं नाव होतं भिंग.

'डाग छान आहे. सशासारखा दिसतो. घालवू नका.'

'ससा रोज वाढतोय,' तिनं लिहिलं. 'आठवड्याभरात गाढव होईल.'

'मग वरच्या मजल्यावर जाऊन नळ बघा. अशी गाढवं नेहमी वरूनच येतात.'

ती एकटीच खुदकन हसली. पलीकडच्या खोलीतून बाबांनी विचारलं, "काय झालं गं?" – आणि का कुणास ठाऊक, तिनं फोन उपडा ठेवला. "काही नाही. सुई टोचली."

वरच्या मजल्यावरचा नळ खरंच गळत होता. तो दुरुस्त झाला, डाग वाळला, पण बोलणं काही थांबलं नाही. त्याच पानावर एक नर्सताई भेटल्या. त्यांच्या न्हाणीघरात पाणी मुरत होतं. आणि एक निवृत्त पोस्टमन भेटले, टपालकाका. त्यांचं घर ठणठणीत होतं, ते नुसते गप्पा मारायला यायचे. चौघांनी मिळून वेगळा ग्रुप काढला आणि त्याला नाव दिलं 'चहा झाला का?' कारण रोज सकाळी टपालकाका तेवढंच विचारायचे, आणि तिथून दिवस सुरू व्हायचा.

बोलायचे तरी काय? तसं काहीच नाही. नर्सताईंच्या वॉर्डातला एक म्हातारा त्यांना रोज नव्यानं लग्नाचं विचारायचा. टपालकाकांच्या शेजाऱ्याचा कुत्रा अख्ख्या गल्लीत फक्त त्यांच्यावर भुंकायचा – 'इतकी वर्षं खाकी घातली, वास गेला नसेल अजून.' भिंग चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासायचा आणि फ्रेमला बसवायचा. गिऱ्हाईक त्याला दिसायचं नाही, नुसता नंबर दिसायचा. 'आज एक उणे नऊ आला होता,' तो लिहायचा. 'बिचाऱ्याला सगळं जग म्हणजे धुकं. पण आवाज काय गोड!' आणि बॉबीन? ती पँट्स आखूड करायची, चेनी बदलायची, आणि लोकांनी गुपचूप आणून दिलेले घट्ट कपडे उसवून सैल करायची. 'नावं सांगणार नाही,' ती लिहायची, 'पण आमच्या गल्लीची कंबर वाढत चालली आहे.'

पण या सगळ्यांत जास्त मागणी होती ती काकूंना.

काकू म्हणजे तिच्या समोरच्या दारातल्या काकू. ती अकरा वर्षांची असताना आई गेली, आणि त्या दिवसापासून काकूंनी मध्ये आपलं दार लावलंच नाही. सुईत दोरा ओवायला त्यांनी शिकवलं, पहिली शिवण त्यांनीच तीनदा उसवायला लावली. आता पंच्याहत्तरीला आल्या होत्या, पण जीभ विशीतलीच. टीव्हीवर बातम्या सांगणाऱ्याला तोंडावर म्हणायच्या, "खोटं बोलतोस मेल्या, डोळे बघ तुझे." चष्म्याची एक काडी मोडलेली होती, ती दोऱ्यानं बांधून कानामागे अडकवायच्या. वरच्या मजल्यावरचा एकजण ट्रम्पेट वाजवायचा, तेव्हा डावानं नळावर ठणाठणा ठोकायच्या, आणि तीन दिवस ट्रम्पेट ऐकू आलं नाही, तर सूप घेऊन वर गेल्या – "आजारी आहेस की काय रे? वाजव की जरा!"

हे सगळं ती ग्रुपवर लिहायची आणि तिघं हसून लोळायचे. मग भिंगला सवयच लागली. सर्दी झाली, मालकाशी वाजलं, शर्टाचा रंग ठरत नसला, काहीही झालं की तो विचारायचा – 'काकू काय म्हणतात?' ती उठून समोर जायची, काकूंना खरोखर विचारायची आणि त्यांचं उत्तर जसंच्या तसं लिहायची.

"कोण गं हा?" काकूंनी एकदा डोळे बारीक करून विचारलं.

"कोणी नाही. चष्म्याच्या दुकानात असतो."

"कोणी नाही, आणि तू फोन हातात घेऊन दोन पायऱ्या एकदम उतरतेस होय?"

हे उत्तर मात्र तिनं ग्रुपवर लिहिलं नाही.

मग इमारतीच्या दारावर कागद लागला. खांबांना तडे गेलेत, राहणं धोक्याचं आहे, सर्वांनी जागा सोडावी. पहिल्या महिन्यात तळमजला रिकामा झाला. ट्रम्पेटवाला गेला. जाताना त्यानं वाद्याची पेटी छातीशी धरली होती, तान्ह्या मुलासारखी. बाबा मात्र हलेनात. उभं आयुष्य कारखान्यात लेथवर काढून त्यांचे गुडघे गेले होते. "मला आता उचलूनच न्या," असं म्हणून ते खिडकीशी बसून राहिले. काकूंना त्यांची लेक घेऊन गेली, दुसऱ्या गावी. टॅक्सीत बसतानाही काकू चष्मा शोधत होत्या, आणि तो कपाळावर होता. ग्रुपवर यातलं तिनं काहीच लिहिलं नाही.

काकू लेकीकडे गेल्यापासून एक्केचाळिसाव्या दिवशी दुपारी लेकीचा फोन आला. तेव्हा ती एका कोटाची चेन उसवत होती. फोन ठेवला, आणि चेन तशीच उसवत राहिली – शेवटपर्यंत, एकेक टाका.

संध्याकाळी भिंगचा मेसेज आला. 'आठ दिवस खोकला जात नाही. काकू काय म्हणतात?'

ती त्या तीन शब्दांकडे बघत राहिली. 'काकू गेल्या' असं लिहायचं होतं. दोनच शब्द. बोट 'काकू' लिहून थांबलं... आणि पुढे त्याचं तेच चालायला लागलं.

'काकू म्हणतात, मफलर गुंडाळ आणि तोंड बंद ठेव. दोन्ही जमत नसेल तर निदान दुसरं.'

तिघंही हसले. नर्सताईंनी लिहिलं, 'काकूंना शंभर वर्षं आयुष्य!' तिनं मशीनवर डोकं टेकलं. मशीनच्या पेडलवरचा पाय नकळत दाबला गेला आणि सुई रिकामीच खालीवर होत राहिली.

एका दिवसापुरतं, असं तिनं ठरवलं होतं. पण दुसऱ्या दिवशी टपालकाकांनी काकूंची खुशाली विचारली. एकेक करत सहा महिने गेले. बारा घरांच्या त्या इमारतीत आता ती आणि बाबा सोडून कुणी नव्हतं. जिन्यात तिच्या स्वतःच्या चपलांचा आवाज तिच्या मागे यायचा. रिकाम्या घरांच्या खिडक्यासुद्धा लोक काढून घेऊन गेले होते. वारा आत शिरून दारं आपटायचा. आणि फोनमध्ये काकू जिवंत होत्या, नळावर ठोकत होत्या, ट्रम्पेटवाल्याला सुनावत होत्या. दिवसभरात तेवढ्याच वेळात तिला भूक लागायची.

मग त्या खोट्याला धार आली.

भिंगला बाहेरदेशी नोकरी चालून आली. दुर्बिणींच्या मोठमोठ्या काचा बनवायचा कारखाना, तीन वर्षांचा करार. त्यानं लहानपणापासून दुसरं काही मागितलं नव्हतं. त्यानं विचारलं, 'काकू काय म्हणतात? जाऊ?'

दुपारी बाबांना वाढताना तिच्या हातून भांडं पडलं. संध्याकाळी तिनं लिहिलं – 'काकू म्हणतात, इथल्या माणसांना दिसेनासं झालंय आणि तू ताऱ्यांकडे कशाला बघतोस?'

त्यानं नोकरी नाकारली. 'काकूंनी डोळे उघडले,' असं लिहिलं, आणि खाली एक चष्मा घातलेला हसरा चेहरा.

आपण काय केलं हे तिला कळत होतं. तरीही त्या दिवशी ती गाणं गुणगुणत होती, आणि नंतर स्वतःचीच शिसारी येऊन गप्प झाली.

त्यानंतर महिनाभरानं तो फक्त तिला, वेगळा मेसेज पाठवून बोलला.

'काकूंना एक खाजगी विचारशील? तू ऐकायचं नाहीस.'

'मी कान बंद करते. विचार.'

'न बघितलेलं माणूस... आवडू शकतं का?'

तिनं मशीनवरचा दिवा मालवला, पुन्हा लावला. मग –

'काकू म्हणतात, चष्मेवाल्यानं असं विचारू नये.'

'मग काय करावं चष्मेवाल्यानं?'

'...काकू म्हणतात, एकदा येऊन बघून जावं.'

पाठवलं. परत घ्यायला गेली तर त्यानं वाचलेलं होतं.

तो आला गुरुवारी दुपारी. गुरुवारी दुकान बंद असतं. टपालकाका सगळ्यांना पोस्टकार्डं पाठवत, त्यासाठी चौघांनी ग्रुपवर पत्ते लिहिले होते, त्यामुळे पत्ता त्याच्याकडे होता. न सांगता आला. तिला आधी ऐकू आली ती टकटक, आणि ती तिच्या दारावर नव्हती. समोरच्या दारावर होती. काकूंच्या.

तिनं दार उघडलं.

पाठमोरा एक तरुण. उंच, किंचित वाकलेला, जाकिटाच्या बाहीची शिवण खांद्याशी सुटलेली. तो वळला. त्याला स्वतःला चष्मा नव्हता, हे तिला कधी सुचलंच नव्हतं. डोळे थकलेले आणि फार मऊ होते.

"बॉबीन?" तो म्हणाला.

तिनं मान हलवली. दोघंही एकमेकांकडे बघून उगाचच हसले. ते तेवढे दोन-तीन श्वास... तिला वाटलं, एवढंच राहू दे. आणखी काही नको.

"काकू झोपल्यात का?" त्यानं आवाज खाली आणला. खिशातून एक छोटी डबी काढली. "तू तो जुना नंबराचा कागद पाठवला होतास ना, त्यावरून नवा चष्मा केलाय त्यांना. पंच्याहत्तरीची भेट. काचा मी स्वतः घासल्यात. आणि काडीला स्प्रिंग लावलीय, आता मोडून दाखवा म्हणावं." मग जरा थांबून तो म्हणाला, "खाली सगळी दारं बंद दिसली गं. खिडक्यासुद्धा नाहीत. तू कधी बोलली नाहीस."

"लोक... बाहेरगावी गेलेत," ती म्हणाली.

"सगळे?"

तेवढ्यात वाऱ्यानं काकूंचं दार आतल्या बाजूला सरकलं. त्याला कडीच नव्हती. आत नुसती फरशी, आणि खिडकीच्या जागी चौकोनी आभाळ. कोपऱ्यात कबुतरांची पिसं पडली होती.

त्यानं आत डोकावून बघितलं.

"काकू नाहीत," ती म्हणाली.

"कधी येतील?"

"आठ महिने झाले त्यांना जाऊन. तिकडेच, लेकीकडे."

'जाऊन' या शब्दाचा अर्थ त्याच्यापर्यंत पोहोचायला वेळ लागला. पोहोचला तो तिला दिसला. त्याचा चेहरा हळूहळू विझला.

"मग मंगळवारी मला छत्री घेऊन जा असं कोण म्हणालं?"

"मी."

"नोकरीचं? ताऱ्यांचं?"

"...मीच."

"आणि येऊन बघून जा?"

तिनं मान खाली घातली. डोळ्यांत पाणी आलं असतं तर बरं झालं असतं, पण तेही येईना.

"मी असंच एकदा खाजगीत, माझी आई कशी गेली ते काकूंना सांगितलं होतं," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे जास्त लागला. "तू कान बंद केले होतेस ना तेव्हा? त्यांनी मला म्हटलं, 'तुझी चूक नव्हती रे.' मी त्या रात्री कित्येक वर्षांनी नीट झोपलो. ते कुणी म्हटलं होतं?"

"ते खरंच वाटत होतं मला."

"तुला वाटत होतं तर तू म्हणायचंस!"

तो वळला. दोन पायऱ्या उतरून परत वर आला आणि डबी तिच्या हातात ठेवली. "ठेव. हा नंबर दुसऱ्या कुणाला लागणार नाही."

त्याच्या पावलांचा आवाज चार मजले खाली जाईपर्यंत ती ऐकत राहिली. मग आत आली. बाबा खिडकीशीच होते. सगळं ऐकलं होतं त्यांनी.

"मला वाटायचं, पोरगी हसते आहे, म्हणजे तिचं बरं चाललंय," ते म्हणाले. गुडघ्यावर हात टेकत उठायचा प्रयत्न करत होते. "चल. सामान बांध. माझ्या हट्टापायी तुला भुतांत ठेवली मी."

संध्याकाळी तिनं ग्रुपवर सगळं लिहिलं. काकू कोणत्या दिवशी गेल्या, आणि त्यानंतरचं काय काय तिनं रचलं ते. कुठेही स्वतःची बाजू मांडली नाही. नर्सताईंनी लिहिलं, 'मी रोज माणसं जाताना बघते. घरी आल्यावर त्या एका बाईच्या गोष्टीनं मला जरा बरं वाटायचं. तू तेही नेलंस.' आणि त्या ग्रुप सोडून गेल्या. भिंग काहीच बोलला नाही. टपालकाकांनी बऱ्याच वेळानं लिहिलं, 'मला फार राग आलाय पोरी. उद्या चहाचं विचारणार नाही.'

त्यांनी चार दिवस विचारलं नाही. पाचव्या दिवशी विचारलं. तिनं 'हो' लिहिलं, त्यापुढे दोघांनाही काही सुचेना.

नवी जागा एका लाँड्रीच्या मागे मिळाली, तळमजल्यावर, एकच खोली. उजेड असा यायचाच नाही. दिवसाही दिवा लावून शिवावं लागायचं. भिंतीपलीकडे कपडे धुण्याची यंत्रं घरघरत असायची. तीन आठवडे ती सकाळी उठायची, शिवायची, बाबांना जेवायला घालायची आणि भिंतीकडे तोंड करून पडायची. कुणाशी बोलण्यासारखं तिच्याकडे काही उरलं नव्हतं. आपण खोटं बोललो नाही तर आपण कंटाळवाण्या आहोत, असं तिला वाटायचं. आणि खोटं बोललो तर कुणाच्याच लायकीच्या नाही.

मग एक दिवस फोनवर नाव उमटलं. भिंग.

'काकू कशा गेल्या? खरं सांग.'

तिनं लिहिलं. कसलीही गंमत न घालता. शेवटी शेवटी काकू कुणाला ओळखत नव्हत्या. लेकीलाही नाही. तिनं इथून फोन केला की म्हणायच्या, 'कोण आपण? चुकीचा नंबर लागलाय.' शेवटचं बोलणं ते. 'चुकीचा नंबर.' लिहिता लिहिता तिला रडू फुटलं, आठ-नऊ महिन्यांचं एकदम. शिवायला आलेल्या कुणाच्या तरी परकरातच तिनं तोंड खुपसलं.

त्याचं उत्तर आलं – 'बरं.' मग आणखी एक – 'रविवारी येतो.'

तो आला तेव्हा लाँड्री बंद होती. खोलीत दोघांना बसायला जागा नव्हती, म्हणून ते बाहेरच्या पायरीवर बसले, मध्ये एक माणूस बसेल एवढं अंतर ठेवून. तिनं चहा आणला. त्याच्या बाहीची शिवण अजून सुटलेलीच होती.

"काढ," ती म्हणाली.

"काय?"

"जाकीट. चार टाके आहेत."

त्यानं काढून दिलं. ती शिवायला लागली, आणि तो तिच्या बोटांकडे बघत बोलला. "त्या कारखान्यातून परत विचारणा झालीय. ज्याला घेतलं होतं, तो महिनाभरात सोडून गेला. मला उद्या सांगायचंय."

सुई थांबली नाही. "हो का."

"आज कुणाला विचारू?"

तिनं पुढचा टाका घातला.

"तुला विचारतोय," तो म्हणाला. "तू काय म्हणतेस? जाऊ?"

नको जाऊस. एवढंच तर म्हणायचं होतं. तो थांबला असता, हेही तिला दिसत होतं. त्याचे डोळे थांबायचं कारण शोधत होते. तिनं दोऱ्याला गाठ मारली, दातांनी तोडला.

"जा," ती म्हणाली. "तुला जायचं होतं, मला माहीत होतं. माझ्यापायी राहिलास तर दर वेळी काच घासताना तुला ते आठवेल." मग, जाकीट त्याच्या मांडीवर ठेवत म्हणाली, "आणि माझं तुझ्यावर प्रेम आहे. हे मी म्हणतेय. मीच."

तो हसला, पण ते हसू अर्ध्यावरच राहिलं. "हे आधी का नाही म्हणालीस?"

"तू मला कुठे विचारत होतास? तू काकूंना विचारत होतास."

"तुलाच विचारत होतो गं," तो म्हणाला. "धीर होत नव्हता, म्हणून काकूंना मध्ये घालत होतो."

चहा गार होत होता. त्यानं मधलं अंतर ओलांडून तिचा हात हातात घेतला. काचा घासून घासून त्याची बोटं खरखरीत झाली होती. "माझा राग गेलेला नाही," तो म्हणाला. "खोटं सांगत नाही. आणि तूही मनातून जात नाहीस. दोन्ही घेऊन चाललोय."

"तीन वर्षं?"

"तीन वर्षं."

"लिहिशील?"

त्यानं शिवलेल्या बाहीवरून बोट फिरवलं. हो म्हणणं सोपं होतं, म्हणूनच बहुतेक त्यानं म्हटलं नाही. "प्रयत्न करीन," तो म्हणाला.

मग उठला, जाकीट घातलं. गल्लीच्या टोकाशी एकदा थांबल्यासारखा वाटला... पण वळला नाही.

ती दोन्ही कप घेऊन आत गेली. बाबा पलंगावर उठून बसले होते.

"गेला?"

"गेला."

"परत येईल का गं?"

बाबांना बरं वाटेल असं एखादं वाक्य तिच्या जिभेवर आलं होतं, सवयीनं. तिनं ते गिळलं.

"माहीत नाही, बाबा," ती म्हणाली, आणि त्यांच्या शेजारी बसून रडायला लागली.